पुढचं पुढच्या बॅचला

आमच्या घरात ताईच्या वाट्याला वनवास आला, दादाच्या वाट्याला वंशावळी आल्या आणि मला युद्ध मिळालं. यात नशिबाबिशिबाचा काही भाग नाही. आम्ही तिघं भावंडं आपापल्या दहावीत निजामपुऱ्यातल्या एकाच सरांच्या मराठीच्या क्लासला होतो, एवढंच.

सर निबंध शिकवायचे. दहावीच्या पेपरात निबंध असतो आणि आमच्याकडच्या पोरांना तो येत नाही, हे भिवंडीत सगळे धरूनच चालतात. घरी एक भाषा, कारखान्यात दुसरी, नाक्यावर तिसरी; पेपरात नेमकी कुठली लिहायची याचा पोरांना पत्ता नसतो. म्हणून आईबाप सरांकडे टाकायचे. सर पहिला अर्धा तास निबंध घ्यायचे आणि उरलेला सगळा वेळ महाकाव्य वाचायचे. ते परीक्षेला नव्हतं. कुठल्याच परीक्षेला नव्हतं. एखाद्या पालकानं विचारलंच तर सर म्हणायचे, "पोहायला शिकवायचं तर काय बादलीत शिकवू?" यावर पालक गप्प बसायचे, कारण सरांशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, आणि ओरडून वाद घालण्याइतका वेळ कुणाकडे नसायचा.

ओरडावं लागायचं कारण क्लास एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या माळ्यावर होता. खाली दोन ओळींत लूम, वर सतरंजीवर आम्ही. लूमचा आवाज कानात येत नाही, दातांत येतो. पहिल्या दिवशी मी वर गेले आणि सरळ परत जिना उतरायला लागले. सर मागनं ओरडले, "थोडे दिवस थांब, ऐकू येणं बंद होईल." गणपतीपर्यंत झालं खरं तसं. उलट घरी शांत वाटायला लागलं आणि मी आईशी ओरडून बोलायला लागले. आई म्हणाली, "मी बहिरी न्हाय, आणि तुला क्लासला घातलाय, कुस्तीला न्हाय."

शुक्रवारी लूम बंद असायचे, म्हणून शुक्रवारी क्लासही बंद. आम्ही म्हटलं, सर, उलट शुक्रवारीच घेऊया की, नीट ऐकू येईल. सर म्हणाले, "शांततेत शिकलेलं परीक्षेत राहत नाही." हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते विचारायची सोय नव्हती.

पण निबंधाचा त्यांचा पहिला नियम या आवाजातूनच आलेला. लिहिलेलं उभं राहून मोठ्यानं वाचायचं आणि सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. जे वाक्य लूमच्या वर ऐकू येईल ते ठेवायचं, जे येणार नाही ते खोडायचं. माझ्या शेजारी बसणारी नसरीन शाळेत पहिल्या नंबरची, अक्षर सुंदर, गाईडातले सगळे अलंकार पाठ. तिनं 'माझी शाळा' वाचायला घेतलं. "ज्ञानाच्या पवित्र मंदिरात संस्कारांच्या शीतल छायेत..." सरांनी कानामागं हात धरला. "काय?" तिनं परत वाचलं. "काय?" तिसऱ्यांदा वाचताना तिचा गळा बसला. सर म्हणाले, "खोड." अशी ती खोडत खोडत शेवटाला आली. शेवटी लिहिलं होतं, "शाळेत नळ आहे. पाणी नाही." सरांनी मान डोलावली. "आलं ऐकू." नसरीन त्या दिवशी रडली, पण दुसऱ्या दिवशीपासून तिची वाक्यं अशी काही तुटक झाली की तिच्या घरी वाटलं पोरगी रागावलीय.

दुसरा नियम महाकाव्यातून आलेला. कुठलाही विषय द्या, सर विचारायचे, "समोर कोण उभंय?" त्यांचं म्हणणं, महाकाव्यात कुणीही उगाच बोलत नाही, समोर कुणीतरी उभं असतं म्हणून बोलतो. 'पाणी वाचवा' म्हणजे कुणापासून वाचवा? नाव घ्या. मी आमच्या कोन गावातल्या शेजारणीचं नाव घेतलं, ती सकाळी पाईप लावून अख्खा रस्ता धुवायची. निबंधात मी तिला रथावर बसवलं, तिच्या हातात पाईप दिला आणि तिचं सैन्य म्हणून तिच्या चार जावा उभ्या केल्या. सरांना निबंध फार आवडला. तो त्यांनी इतक्या जणांना वाचून दाखवला की शेवटी शेजारणीपर्यंत पोचला. आई महिनाभर तिच्या दारावरून जाताना खाली मान घालून जायची. मी आता कोनलाच एका गोडाऊनच्या ऑफिसात बसते, माल फुटला की रिपोर्ट लिहावा लागतो. अजूनही लिहायच्या आधी मनात येतं, समोर कोण उभंय. माझे रिपोर्ट साहेब लोक दोनदा वाचतात म्हणे.

आता त्या ग्रंथाबद्दल. ग्रंथ जाडजूड, पुठ्ठा गेलेला, नावाचं पान गेलेलं. आत जुन्या मराठीतल्या ओव्याच ओव्या. कुणी लिहिला, नाव काय, सरांनाही माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "रिक्षात बसताना ड्रायव्हरचं नाव विचारतेस का? कुठं नेतोय ते बघ." रिक्षावरून आठवलं. सर धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षानं यायचे आणि ग्रंथाची वेगळी सीट घ्यायचे. एकदा मी त्याच रिक्षात होते. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, किताब गोदी में लेलो, एक पॅसेंजर बैठेगा." सर म्हणाले, "ते माझ्या मांडीवर बसायच्या वयाचं नाही." ड्रायव्हरनं आरशातून एकदा ग्रंथाकडे आणि एकदा सरांकडे बघितलं आणि रिक्षा काढली.

गोष्ट दोन राज्यांची. मधे एक नदी. एका राजाचे दोन मुलगे, त्यातल्या धाकट्यावर काहीतरी खोटा आळ येतो, तो घर सोडतो आणि शेवटी स्वतःच्याच भावाशी लढायला परत येतो. हे मी तुम्हाला एका दमात सांगितलं, पण आम्हाला कुणालाच ते असं मिळालं नाही. कारण सरांचा तिसरा नियम. दर वर्षी नवी बॅच यायची, पण ग्रंथ काही परत पहिल्यापासून सुरू व्हायचा नाही. मागच्या बॅचनं जिथं सोडला तिथून पुढं. परीक्षा आली की सर ग्रंथ मिटायचे, मग राजाचा हात वर उचललेला असो नाहीतर कुणी नदीत अर्ध्यावर असो, आणि म्हणायचे, "पुढचं पुढच्या बॅचला." आणि नव्या बॅचनं पहिल्या दिवशी विचारलं की हा धाकटा कोण, तर म्हणायचे, "मागचं मागच्या बॅचला विचारा." तोच पहिला निबंध. जुन्या विद्यार्थ्याला गाठायचं, मागची गोष्ट विचारायची, लिहून आणायची.

त्यामुळे अख्ख्या भिवंडीत ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी सांडलेली होती. मी ताईला विचारलं तर ती भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "झाडं होती गं. वर्षभर नुसती झाडं. सरांनी आम्हाला एकेका झाडाचं नाव पाठ करायला लावलं." दादाला विचारलं तर त्यानं शत्रूच्या पणज्यापासून नावं सांगायला सुरुवात केली, आणि मी झोपले तरी तो थांबला नाही. आमच्या बॅचला युद्ध आलं. सगळ्यांना आमचा हेवा वाटायचा. पण ग्रंथातलं युद्ध सूर्यास्ताला थांबतं, म्हणून सरांचंही थांबायचं. थंडीत पाचला क्लास सुरू, निबंध होतो न होतो तोच अजान व्हायची, आणि सर बाण हवेत असतानाच ग्रंथ मिटायचे. तो एक बाण आमच्या बॅचला तीन दिवस हवेत होता. नसरीनचं डोकं दुखायला लागलं. मला सरांचा मनापासून राग यायचा, आणि तरी मी एक दिवस क्लास बुडवला नाही.

आता शेठ. कारखाना ज्यांचा ते शेठ. कोकणातून खूप आधी आलेलं मुसलमान घराणं, त्यांच्या वडिलांनी सरांना माळा वापरायला दिलेला. शेठ खाली ऑफिसात बसायचे, सर वर. दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. तरी रोज सरांचा चहा शेठच्या किटलीतून वर जायचा. पंखा बंद पडला की सर म्हणायचे, "खाली सांगा, पंखा बंद आहे." आम्ही खाली जायचो. शेठ म्हणायचे, "वर सांग, कल वायरमन येईल." आणि वर्षातून एक दिवस, फेब्रुवारीत, वार कुठलाही असो, कारखाना बंद असायचा. कामगारांना भरपगारी सुट्टी. कशाची सुट्टी, कुणाला माहीत नाही. आम्ही समजायचो मशिनींना तेलपाणी करत असतील.

भांडण काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं, कारण शेठ ते कुणालाही सांगायचे. शेठ स्वतः सरांचे विद्यार्थी. अगदी सुरुवातीच्या, दुसऱ्या बॅचचे. उर्दू मीडियमचा पोरगा, मराठीचा पेपर निघावा म्हणून वडिलांनी माळ्यावर पाठवलेला. धाकट्यावर त्यांचा जीव जडला. आणि क्लासच्या शेवटच्या दिवशी धाकट्याला बाण लागला, तो कोसळला, आणि सरांनी ग्रंथ मिटला. "पुढचं पुढच्या बॅचला." शेठच्या मते पुढचं काही नव्हतंच. माणूस मेला, संपलं. बोर्डाच्या पेपरात निबंध आला 'वसंत ऋतू'. शेठनी पहिली ओळ लिहिली, "वसंत आला, पण कशाला आला," आणि पुढची दोन पानं धाकट्याचा शोक केला. मराठीत नापास. परत बसायला सांगितलं तर म्हणाले, ज्या विषयात तो मेला त्या विषयाला मी बसणार नाही. मग वडिलांनी खाली लूमवर बसवलं, आणि ते खालीच राहिले.

आमच्या बॅचला दिवाळीनंतर बातमी आली की शेठ कारखाना विकतायत. लूम भंगारात जाणार, जागेवर गोडाऊन होणार. घेणारी पार्टी येऊन मोजमाप घेऊन गेली, माळ्याचंही. आणि हे नेमकं त्या वर्षी, ज्या वर्षी ग्रंथ संपणार होता. इतक्या बॅचनंतर पहिल्यांदाच. सर रोज उरलेल्या पानांवरून अंगठा फिरवायचे, तो आम्हाला दिसायचा.

आम्ही म्हटलं, सर, दुसरीकडे जागा बघू. माझ्या मामाची खोली होती, नसरीनच्या चुलत्याचं दुकान रिकामं होतं. सर दोन्ही ठिकाणी येऊन उभे राहिले, डोळे मिटून थोडं ऐकलं आणि म्हणाले, "नाही जमणार. फार शांत आहे." मग आम्ही म्हटलं, मग शेठशी बोला. सर म्हणाले, "त्यानं मला काही विचारलं नाही. विचारल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही." आणि आम्हाला निबंध दिला, 'आमचा माळा'. समोर कोण उभंय?

समोर शेठ उभे होते. माझं डोकं सटकलं. मी वही बंद केली आणि सरळ खाली ऑफिसात गेले.

"शेठ, माळा मार्चपर्यंत ठेवा. ग्रंथ संपत आलाय."

"किसका ग्रंथ?" शेठ म्हणाले. "मेरा तो कब का खतम हुआ, बेटा."

"थोडीच पानं राहिलीत. धाकटा नदी ओलांडून आलाय, आता भावासमोर..."

"कोण आलाय?"

"धाकटा."

शेठनी चष्मा काढला. "बेटा, मेलेल्या माणसाची मस्करी नाय करायची. आमच्यात पण नाय चालत, तुमच्यात पण नाय चालत."

"मेला कुठं, शेठ? मूर्च्छा आली होती. पुढच्याच पानावर उठून बसला, पाणी प्याला. तिसऱ्या बॅचच्या कुणालाही विचारा."

काय सांगू, त्या माणसाचा चेहरा बघवेना. आधी वाटलं मला मारतात की काय. मग त्यांनी स्वतःच पाण्याचा ग्लास उचलला, सगळा प्याले, आणि रिकामा ग्लास हातात धरून बसले.

"कुणी सांगितलं नाय मला," ते म्हणाले.

"कुणी सांगायला आलं की तुम्ही हाकलून देत होता."

"मी हर साल त्याच्यासाठी कारखाना बंद ठेवतो. फेब्रुवारीत. सगळ्या कामगारांना पगार देतो." ते माझ्याकडे बघत होते आणि मला हसू येत होतं आणि हसणं पाप वाटत होतं. "जिंदा आहे?"

"काल अजान झाली तोपर्यंत तरी होता."

शेठ उठले, ऑफिसात दोन फेऱ्या मारल्या. म्हणाले, "सुरुवात पण मला कुणी सांगितली नव्हती. माझा मोठा भाई पहिल्या बॅचला. त्याला विचारलं तर म्हणाला, आधी माझे बूट पुस. पुसले. तरी नाय सांगितलं. मग मीच मनानं लिहिलं, धाकटा विणकराचा पोरगा होता, राजाला बाजारात सापडला. मास्टरनं दहात आठ दिले." मग थांबले. "सगळं सांगा मला. बाण लागला तिथून पुढं. एकाच्या तोंडून नाय. ज्याच्या बॅचला जे आलं, त्यानं येऊन सांगायचं. तोपर्यंत विकत नाय."

मी वर धावत जाऊन सरांना सांगितलं. सर ओरडले, "त्याला सांगा, नुसतं ऐकायचं नाही. प्रत्येक भागावर निबंध. नियम सगळ्यांना."

आणि मग जे सुरू झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. रोज संध्याकाळी एकेक जुना विद्यार्थी ऑफिसात यायचा. धामणकर नाक्यावरचा मोबाईलवाला आला, त्याच्या बॅचला नुसत्या सभा आल्या होत्या. दोन तास तो कोण काय म्हणाला ते सांगत होता आणि शेवटपर्यंत कुणी जागेवरून उठलंच नाही. एक नर्स आली, तिच्या बॅचला जखमा आल्या होत्या. तिचं मत होतं की हा वैद्यकाचा ग्रंथ आहे आणि धाकट्याला टाके नीट घातले नव्हते. ताई सासरहून झाडं सांगायला आली आणि शेठनी तिला चहाबरोबर खारी दिली. दादा वंशावळी घेऊन आला. त्यावरचा शेठचा निबंध एका ओळीचा होता, तो त्यांनी मला ऐकवला. समोर कोण उभंय? तुझा दादा, आणि हटत नाय. सरांनी त्यालाही मार्क दिले.

मधूनच पार्टीचा फोन यायचा, सौदा कधी करायचा. शेठ म्हणायचे, "अभी जंगल में है. बाहर आने दो, फिर बात करते." पार्टीला वाटलं जागेत काहीतरी फॉरेस्टचं लफडं आहे. त्यांनी वकील लावला.

अशा रीतीनं जानेवारीत शेठ आमच्यापर्यंत येऊन पोचले, आणि एका संध्याकाळी जिना चढून वर आले. अख्ख्या आयुष्यात तेव्हा दहावीला चढले होते, त्यानंतर आता. सतरंजीवर माझ्या आणि नसरीनच्या मागं मांडी घालून बसले. सर त्यांच्याकडे बघेनात. दोघांत जेमतेम आठ हात अंतर, तरी सर मला म्हणाले, "त्याला सांग, आज निबंध आहे. विषय 'वसंत ऋतू'."

मी मागं वळून म्हटलं, "शेठ, 'वसंत ऋतू'."

"ऐकलं मी," शेठ म्हणाले. आणि त्यांनी लिहायला घेतलं. आम्ही सगळे पेन धरून बसलो होतो, लिहीत कुणीच नव्हतं.

वाचायची वेळ आली तेव्हा शेठ उभे राहिले. खाली लूम धडधडत होते आणि त्यांनी पोटातून आवाज काढून वाचलं:

"वसंत ऋतू. माझ्या वसंतासमोर मास्टर उभा आहे. त्यानं ग्रंथ मिटला. अजून एक पान वाचलं असतं, मी पास झालो असतो. वसंत दर वर्षी येतो. मी खाली असतो."

मला रडू आलं, सरळ सांगते. नसरीनलाही आलं. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या केसांत नेहमीसारखी कापसाची तुसं अडकलेली. न वळताच ते म्हणाले, "त्याला सांग, ऐकू आलं."

त्या दिवशी महाकाव्य वाचलं नाही. सूर्य अजून होता, तरी.

फेब्रुवारीत भंगारवाल्याला थांबवता येईना, त्याची बोली आधीच झाली होती. शेठनी त्याला अट घातली की माळ्याखालची ओळ शेवटी उचलायची. तो एकेक लूम सोडवून नेत होता, खालचा आवाज रोज थोडा कमी व्हायचा, आणि वर सर वाचत होते. शेवटच्या दिवशी कारखाना जवळजवळ रिकामा होता. सगळीकडे शांत. सरांनी ग्रंथ उघडला आणि नेहमीच्याच आवाजात ओरडायला लागले. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. निजामपुऱ्याच्या त्या गल्लीत लोक दुकानातून बाहेर आले, वर बघत उभे राहिले. आमच्यापैकी कुणीही म्हणालं नाही की सर, हळू वाचा. कोण म्हणणार?

आणि शेवटच्या सर्गात धाकटा मेला. भावानं तलवार टाकून दिली होती, तह झाला होता, सगळं ठीक झालं होतं, आणि जुन्या बाणाची जखम परत उघडली. नर्सताई म्हणाली होती ते खरं निघालं. मी मागं वळून शेठकडे बघायचं धाडस केलं नाही.

मागून आवाज आला, "मी तर कधीचं सांगत होतो."

एवढंच म्हणाले. रडले नाहीत. त्यांचं रडून झालेलं होतं, आपलं अजून व्हायचं होतं, असा तो आवाज होता.

सरांनी शेवटचं पान वाचलं आणि ग्रंथ मिटला. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, आणि काही बोलायला नव्हतं म्हणून मिटलं. पुढचं नव्हतंच. मी त्यांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा असं बघितलं, हातात मिटलेला ग्रंथ आणि पुढं काय करायचं ते माहीत नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की आता सौदा होणार, माळा जाणार. शेठचा शब्द ग्रंथ संपेपर्यंतचाच होता.

शेठनी माझ्या खांद्याला हात लावला. "त्यांना विचार, जूनमध्ये नवी बॅच कुठून चालू करणार?"

मी विचारलं.

"त्याला सांग," सर म्हणाले, "पहिल्या पानावरून. दुसरं आहे काय?"

शेठनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग हिशोब लावल्यासारखे म्हणाले, "मग पार्टीला 'नाय' म्हणावं लागेल. पहिलं पान मी कुठं ऐकलंय?"

मी त्या परीक्षेत पास झाले. निबंध आला होता 'पुस्तकाचे मनोगत', समोर मी भंगारवाला उभा केला. जूनमध्ये मी कॉलेजला जायला लागले, क्लासशी काही संबंध उरला नव्हता, पण पहिल्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळले. कारण सुरुवात माझ्याही वाट्याला आली नव्हती, ताईकडची झाडंच काय ती आली होती. खाली कारखान्याच्या जागेत खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या, शेठनी जागा भाड्यानं दिली होती, विकली नव्हती. पण जिन्याखाली एक लूम तसाच होता. त्याला सूत नाही, कापड नाही, रिकामाच धडधडत होता. कामगार म्हणाला, शेठचा हुकूम आहे, पाच वाजले की चालू करायचा आणि अजान झाली की बंद. कशासाठी, ते त्याला कळलं नव्हतं. मला कळलं, आणि मी जिन्यातच जरा थांबले.

वर नवी पोरं बसली होती आणि पुढच्या ओळीत शेठ. सरांनी ग्रंथ पहिल्या पानावर उघडला. तिथं नगराचं वर्णन होतं, मग राजाचं, मग राणीचं, आणि मग राणीला दोन मुलगे झाले. थोरला आणि धाकटा. सख्खे.

शेठ उभे राहिले. नव्या पोरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की हे काका मधेच का उठले.

"त्यांना विचार," शेठ मला म्हणाले, "धाकटा राजाचाच पोरगा, तर मी विणकराचा लिहिला तेव्हा मला आठ कसे दिले?"

मी सवयीनं सरांकडे वळले. "सर, शेठ विचारतायत..."

"मला ऐकू येतंय," सर म्हणाले. आणि माझ्यावरून नजर काढून त्यांनी सरळ शेठकडे बघितलं. "ग्रंथापेक्षा तुझं बरं होतं. बस खाली."

शेठ खाली बसले.